बाहीवरची तीन बोटं

शिकागो, अठरावा रस्ता
१६ सप्टेंबर १९९६

दोमी,

चार महिने माझं पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल बाई, पण आधी हे वाच. काल आमच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मिरवणूक काय, ट्रम्पेटवाले काय, नाचणारे घोडे काय, आणि मागून घेरदार झगे फिरवत चाललेल्या पोरी! सप्टेंबरच्या पंधरापासून ऑक्टोबरच्या पंधरापर्यंत आपल्या लोकांचा वारसा साजरा करायचा म्हणे. इतकी वर्षं आपण इथे काय झोपा काढत होतो का? पण असो, शहराला आत्ता जाग आली तर आत्ता. मी सकाळपासून गोड पाव काढत होते, तरी दुपारी बाराला सगळे ट्रे रिकामे.

खरी बातमी तर पुढेच आहे. रस्त्यावरच्या जुन्या दुकानांना समिती पितळी पाटी देणार आहे. आपली बेकरी एकाहत्तरची, म्हणजे यंदा पंचवीस पूर्ण. समोरचा न्हावी फुल्हेन्सियो म्हणतो, माझं दुकान जास्त जुनं. मी म्हटलं, तुझी कात्री जुनी असेल, दुकान त्र्याहत्तरचं आहे. तेव्हापासून तोंड फुगवून बसलाय. समितीची येसेनिया नावाची पोर वही घेऊन आली होती. इथेच जन्मलेली, आपली भाषा बोलताना ठेचकाळते, पण गोड आहे. बेकरी कशी सुरू झाली ते विचारत होती. मी सांगितलं.

आता कामाचं. नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाला दुकानादुकानांत वेदी मांडायच्या आहेत, लोक रांगेने बघायला येणार. आपल्या दुकानात अर्थात तुझ्या भावाची. आणि येसेनियाला हवाय 'तुमच्या गावचा पाव', म्हणजे आपले ते माणसाच्या आकाराचे, छातीवर हात घेतलेले आनिमास. तू गेल्यापासून इथे कोणी ते केले नाहीत. मला कधी जमले नाहीत हे तुला माहीतच आहे, पुन्हा चिडवू नकोस. कृती पाठव, मापासकट. 'अंदाजाने' हा शब्द पत्रात दिसला तर बघ.

एवारिस्तोचा फोटोही सापडला. दुकान उघडलं त्या दिवशीचा, आपण तिघं दारात. नवरा माझा उभ्या जन्मात फोटोत हसला तो तेवढाच.

तुझी वहिनी,
आंपारो


सांता रोसालिया, मिचोआकान
९ ऑक्टोबर १९९६

वहिनीबाई,

बारा वर्षांत पहिल्यांदा तुला माझ्याकडून काहीतरी हवंय, म्हणून तुझं पत्र मी चौकातल्या बाकावर बसून दोनदा वाचलं. आजूबाजूला ऐकायला माणसं आहेत ना, एवढं बघून.

माप देते. दोन किलो पीठ, अठरा अंड्यांचे बलक, बडीशेप उकळलेलं पाणी कोमट करून, डुकराची चरबी पांढरी शुभ्र असेल तरच. आणि मळायचं ते हाताला चिकटायचं थांबेपर्यंत. याला तू अंदाज म्हण नाहीतर काही म्हण. खरी मेख पुढे आहे, नीट वाच. हात आधी करायचे नाहीत. आधी धड कर, अर्धा तास फुगू दे, मग हात लाव आणि छातीवर घट्ट दाब. तू नेहमी सगळं एकदम करायचीस, म्हणून तुझ्या माणसांचे हात भट्टीत उघडायचे. हात पसरलेला मेलेला माणूस कोणाला बघवत नाही गं. चेहरा काडीने काढ, डोळे मिटलेले. वर लाल साखर.

आणि तो फोटो! मला वाटलं होतं हरवला. पण जपून हं. त्यात मीही आहे आणि अजून जिवंत आहे. मेलेल्यांच्या पंक्तीत मला बसवशील आणि ते वर समजतील की ही पण आली. दुमडून ठेव मला मागे. मात्र वेदी उतरवलीस की त्याची एक प्रत काढून मला पाठव. माझ्याकडे त्या दिवसाचं काहीच नाही. इथल्या पोरींना सांगते की शिकागोत मी बेकरी काढली होती, तर हसतात. औषधवाल्याची बायको तर तोंडावर म्हणते, दोमी, झोपेत काढलीस का? फोटो नाकासमोर धरायचाय तिच्या.

शेजारच्या कुकाचा नवरा फाउस्तो गेला, पाच तारखेला. मृतांच्या दिवसापर्यंत महिना भरत नाही, म्हणजे त्याला यंदा घरी यायला वरून सुट्टी नाही. सगळ्यांचे येणार आणि तिचा नाही, म्हणून ती रोज पायरीवर बसून रडते. मी जाऊन बसते थोडा वेळ.

भावाची कबर दर वर्षी मी एकटी धुते. तू त्याला पोचवायला आलीस ती शेवटची. एकदा ये ना वहिनी. तू बोलत बस, मी झेंडू तोडते. मध्ये मोरेलियाला जाऊन आले, पत्र्याचे ट्रे बघायला. फार महाग.

पाटीवर काय लिहिलंय ते कळव. दोघींची नावं मावली ना?

दोमी


शिकागो
५ नोव्हेंबर १९९६

दोमी,

जमले! हात उघडले नाहीत! पहिल्या घाण्यातले दोघे जरा वाकडे झाले, फुल्हेन्सियोसारखे दिसत होते, ते त्यालाच दिले. बाकी चारशे आनिमास तीन दिवसांत संपले. एक म्हातारी आली, आपल्याच भागातली. पाव हातात घेतला आणि उभ्या उभ्या रडायला लागली. म्हणाली, तीस वर्षांनी बघतेय. मलाही भरून आलं. तुझी फार आठवण आली, खोटं नाही सांगत.

वेदी सात पायऱ्यांची केली. झेंडू, धूप, एवारिस्तोची तंबाखू, मिठाची वाटी, सगळं. फोटो मध्ये. तू म्हणालीस तशी तुला मागे दुमडली. येसेनियाला ती वेदी इतकी आवडली की फोटो समितीसाठी मागून घेऊन गेली, कसलंसं छापायचंय म्हणे. परत आला की तुझी प्रत काढते.

पाटी लागली. छोटीशीच आहे गं, फार काही मावत नाही त्यात. दाराच्या उजव्या हाताला लावलीय, ऊन पडलं की चमकते.

यंदा यायचं मनात होतं, पण या गडबडीत दुकान सोडून कशी येऊ? पुढच्या वर्षी नक्की.

आंपारो


सांता रोसालिया
१० जानेवारी १९९७

वहिनी,

नाताळात आपल्या गावचा रामिरो शिकागोहून आला. येताना तुमच्या समितीचं नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन आला, दहा घरांत वाटलं. नोव्हेंबरच्या पानावर आपली बेकरी आहे. औषधवाल्याच्या बायकोने ते पान भिंतीवर लावलं आणि दुकानात भरल्या गर्दीत मोठ्याने वाचलं. 'आंपारो आणि तिचे पती एवारिस्तो यांनी दोघांच्या हिमतीवर उभी केलेली बेकरी. आंपारोच्या हातचे पारंपरिक आनिमास.' मग माझ्याकडे वळून म्हणाली, दोमी, यात तू कुठे आहेस गं?

मी फोटो बघितला. माझ्या खांद्यापाशी संपतो. पण तू घाईत दुमडलास. भावाच्या बाहीवर तीन बोटं राहिलीत. ती माझी आहेत वहिनी. त्या दिवशी मी त्याची बाही धरली होती, कारण माझे पाय कापत होते, आणि तो मला म्हणाला होता, हस वेडे, आता मालकीण झालीस. मी पानावर बोट टेकवून तिला दाखवलं, ही बोटं माझी. सगळे हसले. कुका तेवढी हसली नाही.

दुमडायला मीच सांगितलं होतं, त्याचं मला काही नाही. रीतच आहे ती. पण वेदी उतरली की माणूस उलगडतात गं. तू मला दुमडलेलीच छापायला दिलीस. मला फार लागलं, एवढंच सांगते.

फोटोची प्रत अजून आली नाही.

दोमितिला


शिकागो
२ फेब्रुवारी १९९७

दोमी,

पत्र वाचलं. दोन दिवस डोकं तापलेलं होतं, आज लिहिते.

छापलं समितीने, मी नाही. त्या पोरीने विचारलं सुरुवात कोणी केली, मी म्हटलं आम्ही. आता आम्ही म्हणजे कोण हे तिने तिच्या मनाने लिहिलं. कॅलेंडर हातात पडलं तेव्हा छापून झालेलं होतं, मी काय घरोघर जाऊन पेनाने लिहीत बसू? आणि एक सांग, तू सासूबाईंच्या आजारपणासाठी सहा महिने म्हणून गेलीस ती गेलीसच. नवरा गेल्यावर भट्टीपुढे रोज उभी कोण राहिली? बारा वर्षं हाताला चटके कोणी घेतले? चौकातल्या बाकावर बसून नाव मागणं सोपं आहे. त्या औषधवालीला म्हणावं, तू ये इथे पहाटे चारला, मग वाच मोठ्याने.

आज कांदेलारियाचा सण आहे, दुकानात मक्याच्या पानातले तामालेस उकडतायत आणि मी इथे बसून भांडतेय. जाऊ दे. पुढच्या सप्टेंबरला बघते काही करता येतं का. फोटो समितीकडेच आहे.

आंपारो


सांता रोसालिया
२० एप्रिल १९९७

वहिनी,

अक्षर वेगळं दिसेल. मी सांगतेय आणि कुका लिहितेय. मिरच्या निवडून हात दुखतोय. कुका म्हणते खरं सांग, मी म्हणते तू लिही.

तू विचारलंस मी परत का आले नाही. कधीतरी विचारशील याची मी वाट बघत होते. आई गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तुला लिहिलं की आता येते. तुझं उत्तर आलं, मे पंच्याऐंशी. ते माझ्या डब्यात आहे, आज कुकाकडून वाचून घेतलं. 'भट्टी विझवलीय. दुकान विकायला काढलंय. तुझ्या भावाशिवाय इथे काही उरलं नाही. येऊ नकोस.' मी ते वाचून घरामागे जाऊन रडले, माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. बिचारी वहिनी एकटी दुकान बंद करतेय, असं वाटलं. दोन वर्षांनी रामिरो म्हणाला, कसलं बंद, तिथे तर रविवारी रस्त्यापर्यंत रांग असते.

मी गप्प बसले. गप्प का बसले ते आता मलाही कळत नाही. तुझी पत्रं थांबतील अशी भीती वाटली असेल. तू भाऊ गेल्यावर उरलेलं माझं एकुलतं माणूस होतीस.

पाटीचं राहू दे. नाव नको मला. तो फोटो पाठव आणि एकदा ये. दोनच गोष्टी मागतेय. उन्हाळा कडक आहे, मी जरा बारीक झालेय, झगे सगळे आत घ्यावे लागले. कुका म्हणते तरुण दिसतेस. खोटारडी आहे ती.

दोमी

(दोमीने पुढचं लिहायला सांगितलेलं नाही, मी कुका माझ्या मनाने लिहितेय. तुम्ही या.)


शिकागो
१४ सप्टेंबर १९९७

दोमी,

पाच महिने झाले. तुझं पत्र मी किती वेळा काढलं आणि किती वेळा पिठाच्या पिंपामागे ठेवून दिलं, देवालाच माहीत. लिहायला बसले की पहिलं वाक्यच सुचायचं नाही. आज सुचेल तसं लिहिते.

ते पत्र मी लिहिलं होतं. भट्टी एक दिवसही विझली नव्हती. खोटं होतं ते, सगळं.

का लिहिलं, तेही सांगते. तू गेल्यावर रोज माणसं यायची आणि माझ्याकडे न बघता मागच्या दाराकडे बघून विचारायची, दोमी कुठाय? दोमीचा पाव कधी? दोमी कधी येणार? नवरा होता तोवर मी त्याची बायको होते. तो गेला, आणि मला वाटलं तू आलीस की दुकान भावाबहिणीचं होईल आणि मी गल्ल्यापाशी बसलेली भावजय. मला त्या वेळी माझं असं काहीतरी हवं होतं गं. म्हणून तुला लिहिलं येऊ नकोस. दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र लिहायला हवं होतं. मग आठवडा गेला. मग लोकांनी विचारणंच बंद केलं, आणि मला ते बरं वाटलं. यातलं हेच मला सगळ्यात जास्त खातं.

येसेनियानेही काही मनाने लिहिलं नव्हतं. तिने स्पष्ट विचारलं होतं, फोटोत मागे दुमडलेली बाई कोण? मी म्हटलं, कामाला होती.

माफी कशी मागतात ते मला ठाऊक नाही. सवय नाही. जमलं तसं केलंय. गेल्या आठवड्यात मी येसेनियाला बोलावलं, खुर्चीवर बसवलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. पोरगी वही मिटून ऐकत बसली. म्हणाली, पितळी पाटी आता बदलता येणार नाही, पण यंदाच्या माहितीपत्रकात छापते. मी म्हटलं, छाप. मग माझी मीच रंगाऱ्याला बोलावलं आणि दुकानाच्या काचेवर हातभर मोठी अक्षरं काढून घेतली: दोमितिला, एवारिस्तो, आंपारो, १९७१. तुझं नाव पहिलं, कारण पीठ पहिल्यांदा तू मळलंस. फुल्हेन्सियो कात्री हातात घेऊनच रस्ता ओलांडून आला, काचेवरची नावं वाचली आणि म्हणाला, बारा वर्षं लागली का तुला हे आठवायला?

फोटो समितीने केव्हाच परत दिला होता. नोव्हेंबरातच. मीच पाठवला नाही. उघडला, तर घडी बरोबर तुझ्या खांद्यावरून गेलेली, आणि तिथला कागद पांढरा पडलाय. प्रत काढली तर त्यातही ती रेघ आली. तुला ती रेघ पाठवायची लाज वाटली.

एकोणतीस ऑक्टोबरचं विमानाचं तिकीट काढलंय. मृतांच्या दिवसाला मी तिथे असेन. खराच फोटो घेऊन येते, प्रत नाही, माझ्या हाताने तुझ्या हातात देईन. टपालावर माझा विश्वास नाही, एवढा एकच तर आहे तो. आल्यावर काय वाट्टेल ते बोल, मी ऐकेन. आणि त्या औषधवालीसमोर मी स्वतः जाऊन उभी राहणार आहे. झेंडू तोडून ठेवू नकोस, आपण दोघी मिळून तोडू.

तुझीच,
आंपारो


सांता रोसालिया
१२ ऑक्टोबर १९९७

आंपारोबाई,

परवा औषधाच्या दुकानातून मी तुम्हाला फोन केला, पण तुम्ही इतक्या रडत होतात की पुढचं काही बोलता आलं नाही, आणि औषधवाली कान देऊन उभी. म्हणून लिहिते. लगेच निघते म्हणालात, तर निघू नका. दहा तारखेलाच पुरलं तिला, तिच्या भावाशेजारी. ठरलं आहे तेव्हाच या.

पोटातलं दुखणं होतं. गेल्या वर्षी ट्रे बघायला म्हणून मोरेलियाला गेली होती ती डॉक्टरकडे. तुम्हाला कळवू दिलं नाही. म्हणायची, आजारी आहे म्हणून आलेली वहिनी मला नको, नुसती आलेली हवी.

तुमचं पत्र तीन तारखेला आलं. मी तिला दोनदा वाचून दाखवलं. काचेवर तिचं नाव पहिलं आहे हे तिने तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग पाकीट मागितलं. आत बघितलं, उलटं करून झटकलं. काही पडलं नाही. मी म्हटलं, अगं, हातात देणार लिहिलंय ना तिने. तर म्हणाली, हो, बरोबरच आहे तिचं, टपालात हरवतात वस्तू. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रागावली नव्हती हे मी शपथेवर सांगते. मला म्हणाली, एकोणतीसपर्यंत किती दिवस गं? मी मोजून सांगितले, सव्वीस. म्हणाली, बघू.

नऊ तारखेला सकाळी गेली.

कुका


सांता रोसालिया
२ नोव्हेंबर १९९७

दोमी,

पत्र कोणाला टाकायचं आहे आता? पण बारा वर्षं तुझ्याशी कागदावरच बोलले, दुसरं कसं बोलू? दुपार आहे. कबरींपाशी बसलेय, कुका पलीकडे तिच्या फाउस्तोपाशी पाणी शिंपडतेय. त्याची ही पहिलीच खेप. गेल्या साली न आलेला नवरा या वर्षी आलाय, म्हणून तिने त्याचं आवडतं सगळं रांधलंय.

आल्याबरोबर मी औषधाच्या दुकानात गेले. फोटो उलगडला आणि तिच्या नाकासमोर धरला. म्हटलं, ही उजवीकडची कोण ओळख. ती म्हणाली, अगंबाई, ही तर दोमी. मी म्हटलं, हिने बेकरी काढली, हिच्या हातचा पाव खायला माणसं रस्त्यापर्यंत उभी राहायची, आणि मी खोटं बोलले, मी, तिची वहिनी. गर्दी होती, सगळ्यांनी ऐकलं. ती बाई खाली बघायला लागली. मला वाटलं होतं आता बरं वाटेल. नाही वाटलं. तू तिथे हवी होतीस, माझ्याशेजारी, नाक वर करून.

मग तो चौकात फिरवला. बाकावरच्या एकेकीला दाखवला. त्या हसणाऱ्या पोरींनाही. सगळ्या म्हणाल्या, किती देखणी होती. होतीस गं. आणि किती घाबरलेली दिसतेस. पंचवीस वर्षं माझ्या घरात फोटो होता आणि तुझे पाय कापतायत हे मला कधी दिसलं नाही.

तुझ्या स्वयंपाकघरात आनिमास केले. धड आधी, अर्धा तास, मग हात. एकाचेही उघडले नाहीत. तू असतीस तर म्हणाली असतीस, आता शिकलीस होय.

काल तुझ्या घरी वेदी मांडली. सासूबाई, एवारिस्तो, आणि मी तो फोटो तुझ्या बाजूने उलगडून मध्ये ठेवला, आपण... तुम्ही दोघं. माझी बाजू तेवढी मागे दुमडली, मी अजून इथे आहे म्हणून. मनात म्हटलं, आता तरी बरोबर केलं. कुका आली, बघितलं, आणि दारातच थांबली. मला आधी कळलंच नाही. ती हळूच म्हणाली, महिना नाही भरला हो, आंपारोबाई. तिला यंदा सुट्टी नाही.

चोवीस दिवस, दोमी. मी बोटांवर दोनदा मोजले.

मी खूप भांडले तिच्याशी. म्हटलं, एक वर्ष मी हिला उगाच दुमडली, आता उलगडायला आले तर पुन्हा दुमडू? माझ्या हाताने? कुका म्हणाली, गेल्या साली मी नाही का थांबले? सुट्टी नसलेल्याला बोलावलं तर तो दाराशी येऊन ताटकळतो, आत येता येत नाही त्याला. तिला ताटकळत ठेवायचंय का आणखी?

फोटो घेतला. तुझ्या बाजूची ती पांढरी घडी तशीच होती, नवी पाडावी लागली नाही. नुसतं धरलं आणि कागद आपणहून मागे गेला. इतकी सवय झाली होती त्याला. मी तो वेदीवर ठेवला आणि तेव्हा दिसली, बाहीवरची तुझी तीन बोटं. तीही मागे घ्यावीत म्हणून मी घडी जरा सरकवायला लागले, रीत म्हणजे रीत. कागद दुसरीकडे वाकेचना.

कुकाने माझा हात धरला. म्हणाली, राहू द्या. तीन बोटं कोण मोजतंय वर.

म्हणून राहू दिली. भावाची बाही धरून तू यंदा तेवढी आलीस. तुझ्यापुढे पाव ठेवता येत नाही, तर मी एक आनिमा त्या बाहीच्या बाजूला, जरा मागे सरकवून ठेवलाय. बाकीची पुढच्या वर्षी ये. मी इथेच असेन, फोटो उलगडून.

आंपारो